तांब्याची तार

शुक्रवार, जिल्काद १८

आज भट्टीची जागा आखली. मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडापासून चार हात लांब. ईदला तीन आठवडे आहेत. सालिम मस्कतहून बायकामुलांना घेऊन येणार आहे आणि यंदा माझी नातवंडं माझ्याच भट्टीतलं मांस खातील. गावच्या भट्टीत हा शामिस बिन हुमैद पुन्हा पिशवी टाकणार नाही, असं मी गेल्या ईदला चाळीस माणसांदेखत सांगितलं होतं. बोललो ते करून दाखवायला नको?

ही वही असीलाने दिली, माझ्या मुलीने. शाळेतली उरलेली आहे. तीस वर्षं मी गावच्या पाटाच्या पाळ्या लिहिल्या, कुणाचं पाणी कधी सुटलं नि कधी तोडलं. एकाही माईच्या लालाने माझ्या वहीवर बोट ठेवलं नाही. तेव्हा हेही लिहून ठेवतो. उद्या कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने रागाच्या भरात खड्डा खणला. रागाच्या भरात नाही, अकरा महिने नीट विचार करून खणतोय.

गेल्या वर्षी झालं ते असं. ईदच्या दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे सगळ्या घरांनी मसाल्याचं मांस केळीच्या पानांत गुंडाळून, खजुरीच्या पातीच्या पिशव्यांत भरून गावच्या भट्टीत टाकलं. ज्याची त्याची खूण ठरलेली. कुणाचा पत्र्याचा तुकडा, कुणाची साखळी, कुणाची उंटाच्या लगामाची कडी. आमची तांब्याची तार, आजोबांपासूनची. गावात दुसऱ्या कुणाची नाही. तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली, मी तांब्याची तार बघून पिशवी उचलली, घरी आणून सोडली, तर आत म्हाताऱ्या शेळीची चार हाडं. मी घातला होता दोन वर्षांचा बोकड, अंगावर चरबी मावत नव्हती असा. घायाला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तिने कुटलेल्या मसाल्याचा शेवटचा डबा मी त्या बोकडावर रिकामा केला होता.

मी तसाच भट्टीवर परत गेलो. भट्टी सांभाळतो मुहन्ना, माझा चुलतभाऊ. पिशव्या मोजून आत घ्यायच्या, तोंड चिखलाने लिंपायचं, काढून ज्याची त्याला द्यायची, हे त्याचं काम. खरं तर भट्टी माझ्या आजोबांनी खणलेली, पण त्या जागेवर बसला तो. मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणालो. त्यावर तो काय म्हणाला असेल? काही नाही. हातातलं फावडं खाली ठेवलं आणि माझ्या हातातल्या तारेकडे बघत राहिला. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

सोमवार, जिल्काद २१

गुडघाभर खणून झालं आणि दगड लागला. पाठ धरली आहे. उन्हाचं सकाळी दोन तासच काम होतं.

मुहन्नाचा धाकटा भाऊ हिलाल भिंतीवरून डोकावला आणि रीतीप्रमाणे 'सालिमचा बाप' अशी हाक मारून विचारायला लागला, "अबू सालिम, विहीर खणताय की कबर?"

"कबर," मी म्हणालो. "माप तुझ्या घरचं घेतोय."

तो हसत गेला. त्या घरात सगळे हसतात. हसणाऱ्याचे दात दिसतात, पोटातलं दिसत नाही.

असीला म्हणते, एका घरासाठी एवढी भट्टी कुणी करत नाही, एका पिशवीला तेवढी आग झेपत नाही. भूगोल शिकवते पोरींना आणि मला भट्टी शिकवायला निघाली आहे.

बुधवार, जिल्काद २३

शेजारची नसरा आली होती. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी वारला, तीन मुली पदरात. आधी ही माणसं दिराच्या पिशवीत वाटा घालायची, गेल्या वर्षी दिराने हात वर केले तेव्हापासून हिची पिशवी वेगळी. खड्डा बघून हळहळली.

"कशाला हा त्रास अबू सालिम? गावची भट्टी किती बरकतीची आहे. गेल्या वर्षी माझी ती दात पडलेली शेळी. मला वाटलं होतं, पोरी चावून चावून थकतील. मुहन्नाभाईंनी पिशवी दारात आणून दिली, उघडते तर लोणी हो. हाड हातात धरलं की मांस गळून पडत होतं. आणि चव अशी की मला घायाची आठवण आली, तिच्या हातची."

मी म्हटलं, देव बरकत देतो. मनात म्हटलं, बघा न्याय. हिच्या म्हाताऱ्या शेळीचं लोणी होतं आणि माझ्या बोकडाची हाडं होतात. मुहन्ना विधवांच्या दारात पिशव्या पोचवून पुण्य मिळवतो, म्हणजे कुणी त्याच्यावर संशय घ्यायला नको. आणि ही बाई गोड बोलतेय, कारण यंदा माझ्या भट्टीतून वाटा मिळावा असं वाटतंय. घायाचं नाव मध्ये आणायची काही गरज नव्हती.

शुक्रवार, जिल्काद २५

आज मुहन्ना घरी आला. सगळं क्रमाने लिहितो.

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दार वाजलं. टोपी नव्हे, पूर्ण फेटा बांधून, हातात काठी घेऊन उभा होता, म्हणजे काहीतरी कामाने आला होता. दारात आलेल्याला आत घ्यावंच लागतं, मग तो वैरी का असेना. वाडवडिलांची रीत मी मोडणार नाही, मुहन्नासाठी तर मुळीच नाही. गादीवर बसवलं, खजूर पुढे ठेवले. असीलाने आतून कहवा दिला. इतकी वेलची घातली होती की वाटावं जावईच आला आहे.

बातमी विचारायची असते, विचारली, त्याच्या थोरल्या हमदच्या नावाने हाक मारून.

"काय बातमी, अबू हमद?"

"काही नाही. सगळं कुशल. तुझी काय बातमी?"

"काही नाही. सगळं कुशल."

त्याच्या वहाणांना माझ्या खड्ड्याची माती लागली होती. म्हणजे येताना मागून फिरून बघून आला होता.

डाव्या हातात किटली धरून उजव्या हाताने मी कप दिला. त्याने घेतला, ओठाला लावला नाही आणि समोर चटईवर ठेवून दिला.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो. पाहुण्याला काही मागायचं आहे, आणि यजमान 'पी, झालं तुझं काम' म्हणेपर्यंत तो पिणार नाही. आधी हो म्हणायचं, मग काम ऐकायचं. माझ्या आजोबांनी अशा एका कपापायी पाटाच्या पाण्याची अख्खी पाळी देऊन टाकली होती. आणि जो यजमान त्या कपाकडे बघूनही न बघितल्यासारखं करतो, त्याला लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

मी त्याला बकऱ्यांचा भाव विचारला. त्याने सांगितला. मग यंदाच्या उन्हाचं विचारलं. तेही सांगितलं. मग खजुराचं पीक कसं आहे, मग पाटातला गाळ कधी काढायचा. एकेकाचं उत्तर त्याने शांतपणे दिलं, जणू तेवढ्यासाठीच आला होता. कपावरची वाफ गेली. कहव्यावर तपकिरी कड धरली. एकदा त्याने कपाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी खजुरातली बी काढत होतो.

तासभर झाला तेव्हा मी असीलाला लोबान आणायला सांगितलं. लोबान आला की पाहुण्याने उठायचं असतं. त्याने धूर घेतला, दाढीखाली, फेट्याखाली, सावकाश, ईदला घेतात तसा. मग उठला.

"परवा निघतोय हजला," म्हणाला. "तुझ्याबद्दल माझ्या मनात काही ठेवून जात नाही, शामिस. तेवढं ऐकून ठेव."

म्हणजे याने मला माफ केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तो गेल्यावर असीला त्या भरल्या कपाकडे बघत उभी राहिली. "हा कप मी धुणार नाही, बाबा. तुम्ही धुवा." मी कहवा लिंबाच्या मुळाशी ओतला आणि कप धुतला. आयुष्यात पहिल्यांदा धुतला असेन.

काय मागायला आला असेल? शब्द मागे घे म्हणायला आला असणार, दुसरं काय. खरं लिहायचं तर विचारायला हवं होतं असं वाटतंय. पण विचारलं असतं तर द्यावं लागलं असतं.

रविवार, जिल्काद २७

मुहन्नाला निरोप द्यायला गाव लोटलं होतं. असीलाही गेली. मी गच्चीवरून बघितलं, वाळत घातलेल्या चादरीआडून. गाडीत बसण्याआधी तो जो भेटेल त्याच्याकडे क्षमा मागत होता, पोराटोरांकडेसुद्धा. एकदा वर गच्चीकडे बघितलं. मी चादर सारखी केली.

रविवार, जिल्हेज ४

भट्टी तयार झाली. आतून दगड लावले, वर चिखल थापला, दोन दिवस वाळू दिला. एका ठिकाणी बोटभर भेग गेली होती, ती बुजवली. झाकणासाठी जुन्या पाण्याच्या टाकीचा पत्रा कापून आणला. दिसायला झकास. आजोबांनी बघितली असती तर खूश झाले असते.

खूण काढून ठेवायला गेलो तर तांब्याच्या तारेचं भेंडोळं अर्धं. असीलाला विचारलं.

"आईने अर्धी नसरामावशीला दिली," ती म्हणाली. "जायच्या आधी. तिच्या घराला स्वतःची खूण नव्हती म्हणून."

घाया अशीच होती. घरातलं वाटून टाकायची खोड. देव तिला क्षमा करो. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. यंदा माझी पिशवी भट्टीत एकटीच असणार, तिला खूण लागत नाही, तरी तार लावणार.

असीला ते बोलून माझ्याकडे बघत बसली होती. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही. मग उठून वह्या तपासायला गेली. हल्ली तिचं हे असं चालतं.

शुक्रवार, जिल्हेज ९

आज अराफातचा रोजा. तिकडे मुहन्ना अराफातच्या मैदानात उभा असेल. तिथे मागितलेलं मिळतं म्हणतात. माझ्याविरुद्ध काय मागतोय देव जाणे.

सालिम, सून आणि तिन्ही मुलं आली. मोठ्या नातवाने खड्ड्यात दगड टाकून बघितला. रागावलो नाही.

रविवार, जिल्हेज ११

काल ईद झाली. कुर्बानी झाली, बोकड गेल्या वर्षीच्यापेक्षाही सरस. मसाला असीलाने केला. लसूण जास्त झाला, बोललो नाही.

आज दुपारी पिशवी भट्टीत टाकली. पहाटेपासून बाभळीची लाकडं जाळून निखारा केला होता. सालिमने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. गावच्या भट्टीवर सगळ्या पिशव्या एका आरोळीसरशी आत जातात, चाळीस माणसं एकदम ओरडतात, आणि झाकण पडेपर्यंत कुणाचे हात भाजतात, कुणाचा फेटा. इथे आम्ही दोघं. सालिमच्या खिशातला फोन वाजत होता. झाकण घातलं, कडा चिखलाने लिंपल्या. मग तिकडून, गावच्या भट्टीवरून, ती आरोळी आली. सालिम म्हणाला, "बाबा, लहानपणी मी तुमच्या खांद्यावर बसून ओरडायचो." मी त्याला चिखलाचे हात धुवायला पाठवलं.

संध्याकाळी झाकणाच्या एका कडेने धुराची बारीक रेघ दिसली. तिथे आणखी चिखल लावला.

सोमवार, जिल्हेज १२

भट्टी उघडली. आत कोळसा.

पिशवी जळून गेली होती, पानं जळून गेली होती, मांसाचा काळा दगड झाला होता. झाकणाची कड कुठेतरी फुटली असणार, वारा आत गेला आणि आग पेटत राहिली. एका पिशवीला तेवढी आग झेपत नाही, हे असीला बोलली होती. आज एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. धाकट्या नातवाने विचारलं, हे खायचं का? सूनबाईने अंडी तळली. तांब्याची तार तेवढी शाबूत राहिली होती, काळी पडलेली.

आम्ही अंडी-भाकरी खात असतानाच नसरा आली, डोक्यावर ताट. साऱ्या गल्लीला जळका वास गेला होता, लपवायचं काय. ताटात तिच्या पिशवीतलं मांस होतं. ओशाळं हसली.

"घ्या, अबू सालिम. यंदा गेल्या वर्षीसारखं नाही झालं हो. तसंच म्हातारं जनावर, तोच माझा मसाला, पण बघा ना, चामडं. गेल्या वर्षी कसं झालं होतं देव जाणे."

मी तुकडा तोंडात घातला. ती चव मला ओळखू आली. गेल्या वर्षी मी उघडलेल्या पिशवीतली, चार हाडांची. हाच मिरीचा कडूपणा, हाच कमी पडलेला सिरका.

ताटावरचं फडकं तिने तारेने बांधून आणलं होतं, तांब्याच्या.

मी विचारलं, "गेल्या वर्षी तुमची पिशवी मुहन्नाने कधी आणून दिली?"

"सगळे गेल्यावर. शेवटची उरली होती म्हणाले." मग तिने जिभेचा लगाम सोडला. "यंदा हिलालने फार घोळ घातला बघा, दोघांच्या पिशव्या बदलल्या. मुहन्नाभाईंचं म्हणणं होतं की ते नसताना भट्टीच्या तोंडाशी तुम्ही बसावं. तुमच्या आजोबांची भट्टी. तेच मागायला तुमच्याकडे आले होते ना? त्यांच्या घरच्या शम्सावहिनी सांगत होत्या, मुहन्नाभाई म्हणाले, कप उचल असं शामिस म्हणालाच नाही, मग मी कसं बोलणार."

ती गेल्यावर मी बाहेर जाऊन खड्ड्याच्या काठावर बसलो. दोन तांब्याच्या तारा. मी पहिली दिसली ती उचलली. मी शिव्या घालत परत येईपर्यंत दुसरी पिशवी या बाईच्या चुलीपाशी पोचली होती, पोरी जेवायला बसल्या होत्या. आणि मुहन्ना माझ्या हातातल्या तारेकडे बघत होता. त्याला तिथेच कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता आणि चाळीस माणसं नसराच्या दाराशी गेली असती.

घायाचा शेवटचा मसाला त्या पोरींनी खाल्ला. तिने दिलेल्या तारेमुळेच.

मंगळवार, जिल्हेज १३

असीलाला विचारलं, तुला केव्हा कळलं? म्हणाली, तुम्ही तार शोधत होता तेव्हा.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकणार होता?"

मी म्हटलं, मुहन्ना परत आला की बैठकीत सगळं सांगून टाकतो, पिशवी मीच चुकीची उचलली होती म्हणून. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मग कुणाची उचलली होती ते विचारतील. तांब्याची तार दोनच घरांत आहे. मावशीला कळलं की तिने दुसऱ्याचा बोकड खाल्ला, पोरींना खाऊ घातला, तर ती ईदला कुणाच्या दारात ताट नेईल का? मुहन्नाकाका वर्षभर ज्यासाठी गप्प बसले ते तुम्ही एका वाक्यात उधळू नका, बाबा."

खरं सांगितलं तर नसरा जाते. नाही सांगितलं तर मुहन्ना चोर राहतो. मधली एकच वाट आहे आणि ती मला बिलकूल आवडत नाही. ती वाट मुहन्नाने माझ्यासाठी ठेवली, याचाही मला रागच येतोय. एवढा चांगुलपणा कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर लादू नये.

शनिवार, जिल्हेज १७

सालिम आणि मुलं परवाच गेली. खड्डा बुजवायला घेतला. खणताना जेवढी माती निघाली तेवढी परत आत मावत नाही.

बुधवार, जिल्हेज २१

मुहन्ना काल हजहून आला. आज असरनंतर मी गेलो. पूर्ण फेटा, काठी. बैठक भरलेली होती. मी दाराजवळ, चपलांपाशी बसायला लागलो तर मुहन्नाने हाताने वर बोलावलं, अगदी समोर बसवलं. डोक्याचा गोटा झालाय, उन्हाने काळा पडलाय, बारीकही झालाय. मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी आलं, खजूर, हलवा. हिलाल कहवा ओतायला उठला तर मुहन्नाने त्याच्या हातातून किटली घेतली आणि मला स्वतः ओतून दिला.

मी कप घेतला आणि चटईवर ठेवला.

चाळीस डोकी त्या कपाकडे वळली. मुहन्नाने कप बघितला. किटली निखाऱ्यावर ठेवली, समोर येऊन बसला.

"बकऱ्यांचा भाव काय होता रे ईदला, शामिस?"

मी सांगितला. मग त्याने इकडच्या उन्हाचं विचारलं. मग खजुराचं. मग पाटातला गाळ काढला की नाही. एकही विसरला नव्हता, क्रमसुद्धा बदलला नाही. हज करून आलेला माणूस, एवढी पापं धुऊन आला आणि हे तेवढं जपून ठेवलं. मी एकेकाचं उत्तर दिलं. लोक खजूर खायचे थांबले होते. कपावरची वाफ गेली.

गाळाचं उत्तर देऊन झालं आणि तो आता काय विचारणार हे त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा मी बोललो. त्याच्याशी नाही, सगळ्यांशी.

"गेल्या ईदला मी याला चोर म्हणालो होतो. माझ्या पिशवीत माझाच बोकड होता. हाडंबिडं काही नव्हती. मी खोटं बोललो."

हिलालने विचारलं, "का?"

"घाया गेली होती," मी म्हणालो. "मांस गोड लागेना. कुणावर तरी राग काढायचा होता."

तीस वर्षं माझ्या वहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आज मी माझ्याच तोंडाने ठेवून घेतलं. उद्यापासून पाटाच्या जुन्या पाळ्यांवरही लोक शंका घेतील, घेऊ देत. दाराजवळच्या दोघांनी एकमेकांना कोपराने ढोसलं ते मी बघितलं. एक म्हातारा 'तौबा' म्हणाला.

मुहन्ना माझ्याकडे बघत होता, भट्टीवर तारेकडे बघितलं होतं तसा. मग त्याने लोबान मागवला. हिलालने धुपाटणं फिरवायला सुरुवात केली. प्रत्येकाने धूर घेतला, दाढीला, फेट्याला, आणि एकेक करत उठून गेला. माझ्यापाशी आल्यावर हिलाल थांबला. मुहन्नाने नकारार्थी मान हलवली. धुपाटणं माझ्यासमोरून पुढे गेलं. लोबान मिळाल्याशिवाय उठता येत नाही, आणि वाफ गेलेला कप समोर.

शेवटी आम्ही दोघंच उरलो.

"लोबान मला दिला नाहीस," मी म्हणालो.

"नाही दिला." मग म्हणाला, "खोटं बोललास."

"हो."

"बरं बोललास." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पण तुझ्या घरी मी तासभर बसलो होतो, शामिस. तुझी अजून चाळीसच मिनिटं झाली आहेत. बस."

मी बसलो. किटली त्याने निखाऱ्यावरून उतरवलेली नव्हती, तेवढं मी बघून घेतलं.